मी कधीच कंपनीत गेले नव्हते

"कोणत्या कंपनीत कामाला होता?" रिपोर्ट वाचता वाचता डॉक्टरांनी मला विचारलं.

"कुठंच नाही. मी घरीच असते."

ते माझ्या नवऱ्याकडे वळले. "आणि तुम्ही?"

"भोसरीला, ब्रेक लायनरच्या कंपनीत. ग्राइंडिंगवर. बावीस वर्षं."

"यांचे कपडे कोण धुवायचं?"

"मीच," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला मेसोथेलिओमा झाला होता. फुप्फुसाभोवती पातळ आवरण असतं, त्याचा कॅन्सर. तो बहुधा ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होतो, ब्रेक लायनरमध्ये ते असायचं, आणि धूळ आत गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनीही वर येतो, असं ते म्हणाले.

सुरुवात धापेने झाली होती. आकुर्डीत आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना मध्येच थांबावं लागायला लागलं. छातीत पाणी झालं होतं. टीबी समजून पाच महिने गोळ्या चालल्या. पाणी काढलं की आठवडाभर बरं वाटायचं, मग पुन्हा भरायचं. शेवटी प्लूरल बायोप्सी केली, म्हणजे त्या आवरणाचा तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्टला दहा दिवस लागले.

शिफ्टवरून आले की यांचा युनिफॉर्म करडा झालेला असायचा. मी तो गॅलरीत झटकायचे, मग भिजत घालायचे. नाक चुरचुरायचं, एवढंच.

आजार कळल्यावर हे जेवेनात. "मीच आणलं गं घरात," एवढंच म्हणत राहिले. मला राग यायला हवा होता का, ते अजून कळत नाही. भीतीच इतकी होती की रागाला जागा नव्हती.

हॉस्पिटलमधल्या एका ताईंनी वकीलबाईंची गाठ घालून दिली. त्या म्हणाल्या, "काकू, कामगारांच्या भरपाईत तुम्ही बसत नाही. तुम्ही कामगारच नाही ना. कंपनीवर दिवाणी दावा लावावा लागेल. मुख्य साक्षीदार काका."

कंपनीने कोर्टात उत्तर दिलं, की यांच्या जुन्या चाळीवर सिमेंटचे, म्हणजे ॲस्बेस्टॉस घातलेले पत्रे होते, आजार त्यातून आला असेल. चाळीत आम्ही जेमतेम दोन वर्षं राहिलो. तरी मनात पाल चुकचुकली. खरंच तसं असेल तर?

माझा आजार बघून कोर्टाने तारखा लवकरच्या दिल्या; केमोचा तिसरा फेरा झाला आणि यांच्या साक्षीची तारीख आली. मी मागच्या बाकावर डोक्याला स्कार्फ बांधून बसले होते. कंपनीच्या वकिलांनी एक रजिस्टर पुढे केलं. "कपडे घरी नेऊ नका, असं सांगितल्याची ही सही तुमचीच ना?"

त्या सहीबद्दल मला माहीतच नव्हतं. वकीलबाईंनाही नव्हतं, त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता नाही म्हणणार.

"माझीच आहे, साहेब," हे म्हणाले. "सगळ्यांकडून घेतली होती. पण कंपनीत धुवायची सोय नव्हती. जोड एकच. सकाळी तोच घालून यायचा. धूळ कसली आहे हे कुणी सांगितलं नाही. कळलं असतं तर बायकोला हात लावू दिला नसता."

न्यायाधीशांनी शब्द न् शब्द टाइप करून घेतला.

बाहेर आल्यावर हे माझ्याकडे बघेनात. "सहीचं तुला सांगायला पाहिजे होतं. लाज वाटली."

मला उभं राहवत नव्हतं. म्हटलं, "आधी रिक्षा बघा."

स्वतःची तपासणी हे कितीतरी महिने टाळत होते. त्या आठवड्यात आपणहून सीटी स्कॅनला गेले. प्लूरल प्लाक निघाले, म्हणजे आवरणावर कडक झालेले डाग. कॅन्सर नाही, पण दरवर्षी तपासायचं.

दाव्याचा निकाल अजून लागायचा आहे. माझं पाणी सध्या भरत नाही. डॉक्टर "बरं" म्हणत नाहीत, "आटोक्यात" म्हणतात. मीही तेच म्हणते. बायांनो, घरातल्या माणसाचं काम धुळीचं असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, पहिल्याच दिवशी सांगा. माझे पाच महिने त्यात गेले.

यांच्या स्कॅनच्या दिवशी पहिल्यांदाच मी दाराबाहेर बसले. तेव्हा कळलं, बाहेर बसणाऱ्याची भीती वेगळी असते. हातात करण्यासारखं काही नसतं. यांनी ती वर्षभर एकट्याने काढली, आणि मी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता.

हे बाहेर आले तेव्हा काढला.