अंगठ्याएवढी फुली
साबणाचा उग्र वास आला की पोलादपूरच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. आंबेनळीकडची एक बाई कळा देत होती आणि आमच्या वसईच्या सिस्टरांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. ‘बाळंतपण आज तूच करायचं,’ त्या मला, कापड्याहून आलेल्या शिकाऊ पोरीला, म्हणाल्या. एरवी त्या कपाळ, छाती, खांदे असा मोठा क्रूस करायच्या. त्या दिवशी हात खांद्यापर्यंत जाईना, म्हणून प्लास्टरबाहेरच्या अंगठ्याने त्यांनी कपाळावर इवलीशी फुली काढली. मी विचारलं, ‘एवढीशी चालते?’ ‘मुळात एवढीच होती. अगदी पहिले ख्रिस्ती अंगठ्याने कपाळावरच खूण करायचे. छाती-खांदे मागाहून आले.’ धीर यावा म्हणून मीही अंगठा कपाळाला लावला, तोही हातमोजे चढवल्यावर. ‘काढ ते! पुन्हा हात धू. आधी खूण, मग साबण.’ आत बाई ओरडली, ‘आता नाय सोसवत गो बाय!’ तरी मी कोपरापर्यंत नीट हात घासले, नवे मोजे चढवले आणि आत गेले. मुलगी झाली, खणखणीत रडली. आता माझ्याच हाताखाली शिकाऊ मुली आहेत. मी ख्रिस्ती नाही. पण नळ सोडण्याआधी अंगठा कपाळाला लागतो. मग साबण, आणि त्यानंतर तो टेकतो तो थेट बाळाच्या डोक्याला.