केळीचं सोपट

ऐंशीच्या दशकात मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. शरीरात आपोआप विरघळणाऱ्या पॉलिमरचे, डोळ्यांना न दिसणारे कण करायचे आणि त्यांत कॅन्सरचं औषध भरायचं. कण गाठीपाशी हळूहळू विरावेत, औषध तिथंच सुटावं, मागे काही उरू नये. कागदावर सगळं छान होतं. प्रत्यक्षात कण तासाभरात फुटायचे. त्यातच बाबांना पोटाचा कॅन्सर निघाला.

बाबा रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात आंब्याची कलमं बांधायचे. मुंबईला इंजेक्शनं घेऊन परतले तेव्हा डोक्यावर केस नव्हते, पेजही पोटात ठरत नव्हती. "सुक्याबरोबर ओलां पन जळतां," म्हणून हसायचे. त्यांचं ते हसू आजही आठवतं.

श्रावणात मी रजा घेऊन गावी गेले. पडवीत बसून त्यांना माझे कण समजावले, जरा ऐटीतच.

"म्हंजे केळीच्या सोपटासारखां," ते म्हणाले.

पूर्वी कलम केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालपटानं, बांधत. सांधा जुळेपर्यंत सोपट धरून ठेवी, मग कुजून गळून जाई. आता प्लास्टिकची पट्टी आली होती. ती पक्की, पण आठवणीनं सोडवावी लागते, नाहीतर वाढत्या खोडाला आवळते. माझा अख्खा विषय बाबांनी एका वाक्यात उरकला होता. खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला.

मग त्यांनी हळूच विचारलं, "तुजां औषद मला गावंल काय गो?"

"पुढच्या वर्षी. नक्की!" मी म्हणाले. औषध अजून उंदरांपर्यंतही पोचलं नव्हतं. बाबांनी नुसती मान हलवली. गिऱ्हाइकाला "फळ पाच वर्षांनी" असं तोंडावर सांगणारा माणूस माझ्या थापेला कसला फसतोय!

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीमागे लावायला त्यांनी एक कलम बांधायला घेतलं. प्लास्टिकचं रीळ शेजारीच होतं, तरी ते सोपट फाडू लागले.

"काय बाबा, प्लास्टिक संपलं की काय?" मी चिडवलं.

"दिवाळीला ता सोडवायला हितां कोन असनार गो बाय?"

आदल्या दिवशी इतकं सहज खोटं बोललेली मी, "तुम्ही असाल की" एवढंही म्हणू शकले नाही. सोपटाचं दुसरं टोक तेवढं धरून बसले.