दोन उभ्या रेघा

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, आणि बंद पडलेला रेडिओ पुढ्यात आला की ते आधी त्याला चांगलं खडसावत, म्हणून लोकांनीच त्यांना मास्तर करून टाकलं होतं. ‘माहीत नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. गिऱ्हाईकांनी नाही, आणि बायकोने तर नाहीच नाही.

लोकांनी रेडिओ ऐकणं सोडलं तसं दुकानाला कुलूप लागलं. बायकोचा धाकटा भाऊ साबणाच्या कारखान्यात कारकून होता. त्याने तिथे आपल्या दाजींची अशी काही तारीफ केली, की मॅनेजरसाहेबांनी त्यांना ताबडतोब बोलावून घेतलं. साबणाच्या वड्या कागदात गुंडाळणारं एक जुनं मशीन होतं, आणि त्याचं सर्किटचं ड्रॉइंग वाचू शकणारा माणूस नोकरी सोडून गेला होता.

साहेबांनी ते ड्रॉइंग टेबलावर पसरलं. मास्तरांनी चष्मा लावला आणि कागदावर वाकून पाहिलं. रेडिओच्या नकाशासारखं त्यात काहीच नव्हतं. सगळं एखाद्या शिडीसारखं, पायरीखाली पायरी. पण मग परक्या गावात ओळखीचं माणूस दिसावं तशी त्यांना एक खूण दिसली: समोरासमोर उभ्या दोन छोट्या रेघा. रेडिओत त्या रेघांचा अर्थ एकच, कंडेन्सर. म्हणजे वीज क्षणभर साठवून ठेवणारा लहानसा डबा. आणि इथे तर प्रत्येक पायरीवर त्या होत्या.

“अरे वा! कंडेन्सरच कंडेन्सर आहेत की,” मास्तर म्हणाले.

“आणि काहींवर ही तिरकी रेघ आहे, ती कशाची?”

“ते कमीजास्त करता येणारे. ट्यूनिंगसाठी.”

“साबणाच्या मशीनला ट्यूनिंग?”

“तेच तर लोकांना कळत नाही, साहेब.”

कळत साहेबांनाही नव्हतं, पण लोकांत जमा व्हायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी मान डोलावली आणि मास्तरांची नोकरी पक्की झाली.

सुरुवातीचे दिवस बरे गेले, कारण मशीन बिघडलंच नाही. मग एका सकाळी ते अर्धी वडी गुंडाळून गप्प बसलं. मास्तरांनी मोठ्या रुबाबात विजेच्या पॅनेलचं दार उघडलं. आत काळ्या ठोकळ्यांच्या रांगा होत्या, वायरींचं जंगल होतं, पण कंडेन्सर औषधालाही नव्हता. त्यांनी बॅटरी मारून कोपरान् कोपरा पाहिला. आता दोनच शक्यता उरल्या. एक तर ड्रॉइंग आपल्याला कळलेलं नाही, नाहीतर कंडेन्सर कुणीतरी काढून नेलेत. पहिली शक्यता मास्तरांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

“साहेब, चोरी झालीय,” ते म्हणाले.

साहेब उत्साहाने उठून उभे राहिले. बंद मशीनचं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. चोरीचं काय करायचं हे पक्कं ठाऊक होतं. समिती नेमली गेली, कपाटांना नवी कुलपं आली, आणि संशय जाऊन बसला फाटकावरच्या वॉचमनवर. चोरीचा माल गेला तो त्याच्या डोळ्यांसमोरूनच गेला असणार, असं समितीचं म्हणणं. वर्षानुवर्षं लोकांच्या पिशव्या तपासणारा तो माणूस आता घरी जाताना स्वतःचा जेवणाचा डबा सगळ्यांसमोर उघडून दाखवू लागला. रिकामा डबा तो उलटा करून झटकायचा, आणि मास्तर त्या वेळी नेमके बुटाची नाडी बांधायला वाकायचे.

एकदा त्याने मास्तरांना गाठलंच. “मास्तर, तुम्ही जाणते. माझं नाव घेतात ते तुमच्या कानावर आहे ना?”

“चौकशी चाललीय,” मास्तर पुटपुटले.

घरी बायकोने ताट वाढलं, तरी यांचा हात घासाकडे जाईना.

“अहो, तुम्हाला वाटतं त्या वॉचमनने नेले असतील?”

“छे! तो तसा माणूस नाही.”

“मग कुणी नेले?”

मास्तरांना उत्तर देता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, म्हणून बायको घाबरली आणि तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी ते ड्रॉइंग घेऊन बसले, आणि आधी ज्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ती बारीक अक्षरं वाचू लागले. एकाच नावाची जोडरेघ तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवर होती. एक कंडेन्सर तीन ठिकाणी कसा बसेल? आणि तेच नाव चौथ्या पायरीवर एका गोलाजवळही होतं. मास्तर पॅनेलपाशी गेले. त्या नावाची चिठ्ठी एका काळ्या ठोकळ्यावर चिकटवलेली होती. वीज बंद करून त्यांनी ठोकळ्याची पट्टी बोटाने दाबली. ‘टक्’ असा आवाज झाला आणि आतली तीन तोंडं एकदम मिटली.

गोल म्हणजे वीज मिळताच पट्टी ओढून घेणारी कॉइल. दोन रेघा म्हणजे तिच्या ओढीने जुळणारी ती तोंडं, कॉन्टॅक्ट. आणि तिरक्या रेघेवाली म्हणजे एरवी जुळलेली, ओढ बसली की सुटणारी. ट्यूनिंग वगैरे काही नाही. एका कॉन्टॅक्टवर साबणाची भुकटी बसली होती. मास्तरांनी ती पुसली, वीज दिली आणि मशीन चालू झालं.

कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते तडक साहेबांकडे गेले.

“साहेब, चोरी झालीच नव्हती. त्या रेघा मी चुकीच्या वाचल्या.”

“झालीच नव्हती म्हणजे?” साहेबांचा चेहरा पडला. “मग समिती काय झक मारायला नेमली? वॉचमनला काढायचं ठरलंय. वर कळवून झालंय.”

“पण मुळात कंडेन्सर नव्हतेच.”

“मास्तर, जे नव्हतं ते गेलं असं मी मालकांना सांगितलंय. आता जे गेलं ते नव्हतंच, असं सांगू?”

मास्तर म्हणाले, “सापडले, असं सांगा.”

“कुठे?”

“पॅनेलच्या मागे. मशीन चालू आहे, म्हणजे बसवलेच असणार. कोण मोजायला येतंय?”

“आणि सापडले कुणाला?”

“वॉचमनला.”

साहेब खूश झाले. छोटासा समारंभ झाला, वॉचमनच्या गळ्यात हार पडला, आणि चोरीचा छडा लावल्याबद्दल समितीनेही स्वतःचं अभिनंदन करून घेतलं. हारासकट वॉचमनने मास्तरांना कोपऱ्यात ओढलं.

“मास्तर, कंडेन्सर दिसतो तरी कसा?”

मास्तरांनी त्याला सगळं खरं सांगितलं, काहीही न लपवता. वॉचमनने हार काढून हातात घेतला. “साहेबांना सांगितलंत, ते बरं केलंत. पण आधी मला सांगायचं होतं,” एवढंच तो म्हणाला आणि फाटकावर निघून गेला. त्यानंतर कित्येक महिने तो मास्तरांशी कामापुरतंच बोलत होता.

मास्तरांनी मग त्या ड्रॉइंगमधली एकेक खूण मशीनशी ताडून पाहिली, मोठ्या कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनांकडे जाऊन धडे घेतले. जे कळायचं नाही त्याबद्दल ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ असं उघड म्हणू लागले. मशीन पूर्वीपेक्षा कमी बंद पडू लागलं, आणि मास्तरांची पत भराभर उतरली. नवीन मशीन आलं तेव्हा त्याचं ड्रॉइंग साहेबांनी त्यांना दाखवलंसुद्धा नाही.

“दाजी आता थकले,” मेहुणा बहिणीला म्हणाला. “पूर्वी कसं, काहीही विचारा, फाडकन उत्तर द्यायचे.”

“हो ना,” ती म्हणाली, “हल्ली घरातसुद्धा मलाच विचारतात,” आणि हसू लपवायला तिने तोंड फिरवलं.