दोन पॅकेजं, एकच नाव

"फिक्स केलेलं पॅकेज दिलं होतं ना? मग जुनं कशाला टाकलंत? उद्यापासून साईटवर जायचं नाही!" आमचे सर दत्ताकाकांना सगळ्यांसमोर सुनावत होते.

दत्ताकाका आमचे टेक्निशियन. रत्नागिरीतल्या आमच्या छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर कोल्ड रूमच्या तापमानावर लक्ष ठेवतं. तापमान चढलं की भोंगा वाजतो. राजापूरच्या आमरसाच्या एका कारखान्यात वीज जाऊन आली, गारवा करणारा कॉम्प्रेसर बंद राहिला आणि भोंगा वाजलाच नाही. सकाळच्या पाळीतल्या एका बाईंनी दार उघडलं, गारवा कमी वाटला म्हणून ओरडल्या. आमरस वाचला. काकांची नोकरी मात्र जायची वेळ आली.

"बाय, मी नाय चुकलो," काका मला म्हणाले. "शेअर्ड फोल्डरमधी शिमगा लिवलेली एकच फाईल होती. तीच टाकली."

मी लगेच लॅपटॉप उघडला. कारण वीज जाऊन आली की भोंगा बंद पडायचा, ती चूक मीच कोडमध्ये दुरुस्त केली होती, आणि माझ्या पॅकेजचं नावही 'शिमगा'च होतं.

आमच्याकडे ही पद्धतच होती. सणाला गावी पळण्याआधी जो तो आपल्या लॅपटॉपवर बिल्ड करायचा, म्हणजे कोडपासून बसवायला तयार पॅकेज बांधायचा, आणि सणाचं नाव द्यायचा. पण शिमगा सगळ्या गावांत एका दिवशी कुठे असतो? माझ्यासोबत कोड लिहिणाऱ्या निलेशच्या गावची होळी तेरसेला, म्हणजे त्रयोदशीला, माझ्या गावची पौर्णिमेला. तो आधी बिल्ड करून, शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून गेला. मी नंतर दुरुस्ती करून बिल्ड केलं, सरांना "शिमगा पाठवा" म्हटलं आणि एसटी पकडली. पॅकेज राहिलं माझ्याच लॅपटॉपवर.

मी दोन्ही फायली सरांपुढे उघडल्या. नाव एक, आकार वेगळा.

"काकांनी तुम्ही सांगितलेलंच केलंय. चूक माझी आणि निलेशची आहे. आणि ही पद्धत चालू देणाऱ्या तुमचीही."

निलेशने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. सरांनी दोन्ही फायली पुन्हा पाहिल्या. मग म्हणाले, "उपाय बोल."

कोड ठेवायची आमची एक सामायिक जागा असते, रिपॉझिटरी. तिथे प्रत्येक बदलाची नोंद होते आणि तिला आपोआप एक ओळखक्रमांक मिळतो. मी स्क्रिप्ट लिहिली. बिल्ड आता ऑफिसच्या एकाच मशीनवर होतं. लेबल माणूस टाइप करत नाही; आवृत्तीचा आकडा आणि शेवटच्या नोंदीचा क्रमांक जोडून स्क्रिप्टच ते तयार करते. नोंद न केलेला बदल सापडला तर बिल्ड अडतं. तेच लेबल स्क्रीनवर कोपऱ्यात दिसतं.

"एवढं लांबलचक? फोनवर कोण वाचणार?" सर कुरकुरले.

"गॅसच्या पुस्तकावरचा नंबर वाचतो की, सायेब," काका म्हणाले. "शिमग्यापेक्षा बरा."

सरांना हसू आलं. काकांची माफी त्यांनी मागितली, तीही सगळ्यांसमोर. मी तसा आग्रहच धरला होता.

काका आता पुन्हा साईटवर जातात. गेल्या महिन्यात राजापूरहून त्यांचा फोन आला: तापमानाचा आलेख दिसत नव्हता. त्यांनी लेबल वाचून दाखवलं. कोणता बदल, कोणी केला, हे दोन मिनिटांत सापडलं.

मीच केला होता. लेबलं खरी लावायची तर आपलंच नाव निघायची तयारी हवी.