हिरवा ठिपका

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढेही नाही — तिथे उभा राहिलो की दुसरंच काहीतरी मागतो आणि घाईघाईने चपला घालतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? बघा, ही माझी खोड. समोरच्याने नुसती मान हलवली तरी मला वाटतं, याला काहीतरी कळलंय.

जळगावात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. आता मोबाइलच जास्त येतात, पण टेप, रेडिओ, मग ते खिशात मावणारे गाण्यांचे प्लेअर — सगळं या हातांनी खोललंय. आमच्या धंद्यात कुणाचा कुणावर विश्वास नसतो. गिऱ्हाइकाला वाटतं, हा माझा चांगला पार्ट काढून घेईल. काही जण तर बॅटरीवर पेनाने सही करून आणतात. आणि आम्हाला वाटतं, हा दुसरीकडे वाट लावून आता आमच्या गळ्यात मारतोय. म्हणून आम्ही जो पार्ट टाकतो, त्यावर नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका देतो. हा माल मी टाकलाय, याचं बरंवाईट माझ्याकडे — असा त्याचा अर्थ. मी आणि सुदाम एकाच उस्तादांकडे शिकलो. पुढे भांडणं नकोत म्हणून त्यांनीच रंग वाटून दिले होते. मला लाल, त्याला हिरवा.

सुदाम पाचोऱ्याला गेला, तिथे दुकान टाकलं. चांगला होता. हेच तर मला सहन होत नव्हतं. इतकं चांगलं कुणी असतं का? लोक त्याच्यापुढे वस्तू ठेवून बाजार करायला निघून जायचे, आणि माझ्यापुढे मात्र स्टूल ओढून शेवटचा स्क्रू बसेपर्यंत बसून राहायचे. मी मनाशी ठरवून टाकलं होतं — हा नक्की पार्ट मारतो, फक्त सापडत नाही. पुरावा? एकही नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. फक्त तेव्हा मी अजून चोर झालेलो नव्हतो.

चार वर्षांपूर्वी असोद्याचे नाना दुकानात आले. केळीवाले शेतकरी, सरळ माणूस. सुदाम त्यांचा मामेभाऊ. नानांनी रुमालात गुंडाळलेला एक प्लेअर काढून काउंटरवर ठेवला — जुना, पुढे गोल चाक असलेला, आत छोटी हार्डडिस्क असते तो. नानांच्या आई, अक्का, पंचक्रोशीत लग्नाच्या गाण्यांसाठी ठाऊक होत्या. घाणा भरताना, हळदीला, पाठवणीला — प्रत्येक वेळेचं गाणं त्यांच्याजवळ. अर्ध्या गावाच्या पोरी त्यांच्या गाण्यावर रडत सासरी गेल्या. सुदाम दर रविवारी आत्याकडे जाऊन बसायचा आणि ती गाणी मोबाइलवर घ्यायचा. मग एकदाच सगळी त्या प्लेअरमध्ये भरून दिली. त्यानंतर अक्कांना लकवा मारला. जीभ वळेना. सुदामचा तो मोबाइल तोवर विहिरीत पडून गेलेला. म्हणजे आता ती गाणी जगात त्या एका प्लेअरमध्येच होती.

"आमच्या अक्काचा गळा आता ह्याच्यातच राह्यला, भाऊ," नाना म्हणाले. "पोरीच्या हयदीले लावाचा हाये. एका कानातूनच आवाज येते, तेवढं पाह्य."

मी विचारलं, सुदामकडे का नाही गेलात? तर म्हणाले, त्यानेच तुझं नाव सांगितलं. बॅटरी त्याने बदलली होती. पण हेडफोन खुपसायचा जॅक त्याच्याकडे नव्हता, आणि असोद्याहून पाचोऱ्याला पुन्हा कशाला हेलपाटा, जळगावला माझ्या भावासारखा माणूस आहे, त्याचा हात माझ्यापेक्षा बारीक आहे — असं म्हणाला म्हणे.

तुम्हाला हे ऐकून काय वाटलं असतं? बरं वाटलं असतं. मला काय वाटलं? की यात डाव आहे. धंदेवाला माणूस आपलं गिऱ्हाईक, तेही घरातलं, दुसऱ्याकडे का पाठवेल? नक्की आत काहीतरी करून ठेवलंय आणि ते माझ्या नावावर टाकायचंय. नाना गेले. मी प्लेअर पुढे ओढला तो दुरुस्तीला नाही — झडतीला.

काम किती होतं? मागचं झाकण उचलायचं, झाकणालाच चिकटलेला जॅक आणि त्याची पट्टी बदलायची, झाकण दाबायचं. अर्ध्या तासाचं काम. डिस्कला हात लावायचं कारणच नव्हतं. बॅटरी पाहिली. चांगली कंपनीची, नीट बसवलेली, कोपऱ्यात हिरवा ठिपका. एवढ्यावर थांबायला हवं होतं ना? पण मला तर सुदाम पकडायचा होता. मनात आलं, बॅटरी चांगली टाकली म्हणजे डिस्क मारली असणार. डिस्कवर ठिपका नव्हता. मग मला वाटलं, मुद्दाम दिला नसेल! मी ती रबरातून काढली, पट्टी सोडवली, मागचा नंबर वाचायला उजेडात धरली — आणि ती बोटांतून सुटली. खाली फरशी.

फार आवाज झाला नाही. उचलून जोडली. टक् — थांबली. पुन्हा टक्. चाक फिरवलं, काही नाही. मी तासभर प्रयत्न केला. तासभर आतून तेवढाच आवाज येत होता.

नंबर मी वाचला होता, बरं का. डिस्क मूळचीच होती.

आता इथे मी म्हणू शकलो असतो — नाना, माझ्या हातून पडली. एवढं एक वाक्य. शिव्या खाल्ल्या असत्या आणि संपलं असतं. पण त्या वेळी मला अक्का दिसल्या नाहीत, त्यांच्या नातीची हळदही दिसली नाही. मला दिसला सुदाम, पाचोऱ्यात दहा जणांत सांगताना — हात बारीक म्हणून पाठवलं, आणि बघा. तो असं बोलला नसता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मी बाजारात गेलो. बांगड्यांच्या तीन दुकानांत फिरलो, कारण पहिल्या दोन ठिकाणचा हिरवा जरा फिका होता. तिसऱ्या ठिकाणी जुळला. परत येऊन त्या मेलेल्या डिस्कच्या कोपऱ्यात ठिपका दिला — बारीक, सुदाम देतो तसा, किंचित लांबट. वाळेपर्यंत फुंकर घातली.

नाना आले तेव्हा मी त्यांना डिस्क दाखवली. म्हटलं, बॅटरी बदलताना सुदामने तुमची चांगली डिस्क काढून घेतली, गाणी या झिजलेल्या डिस्कवर उतरवून दिली, आता ही बसली. ही बघा त्याची खूण. नाना डिस्क रुमालात बांधून थेट पाचोऱ्याला गेले.

तिथे काय झालं ते त्यांनीच मला येऊन सांगितलं. सुदामने डिस्क हातात घेतली, ठिपका पाहिला आणि एवढंच म्हणाला, "ठिपका मना शे, पन हाई डिस्क मी टाकेल नही." ठिपका माझा म्हणायचं आणि डिस्क मी टाकलेली नाही म्हणायचं — कोण विश्वास ठेवणार? बोलणंच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारं. पण मला त्या वाक्याने आजही घाम फुटतो. कारण त्याला कळलं होतं. तो ठिपका तसा देऊ शकेल असा दुसरा माणूस जगात एकच होता. त्याने माझं नाव का घेतलं नाही? कशासाठी राखून ठेवलंय? पाचोऱ्याकडचं कुणी दुकानात आलं की मी आधी त्याचा चेहरा वाचतो. चार वर्षं वाचतोय. सुदाम आला नाही, फोन नाही, निरोप नाही.

एवढंच असतं तरी कदाचित मी गप्प राहिलो असतो. खरी गोष्ट याच्या पुढची आहे, आणि ती सांगायलाच मी इतका लांबून आलो.

नानांनी मला विचारलं होतं, पुण्याला म्हणे बंद पडलेल्या डिस्कमधूनही काढून देतात, पाठवू का? पाठवता आली असती. गाणी कदाचित मिळालीही असती. पण तिथली माणसं जाणती. ही डिस्क झिजलेली नाही, आपटलेली आहे, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं असतं. म्हणून मी म्हणालो — नाना, उपयोग नाही, यात आता काही उरलेलं नाही. त्यांनी माझा शब्द मानला. डिस्क केरात गेली.

लग्नाला मला आवर्जून बोलावणं होतं. हळदीला बायकांनी अक्कांना खुर्चीत आणून बसवलं. एकीने त्यांचं गाणं धरलं, दोन ओळींनंतर तिला पुढचं आठवेना. सगळ्या अक्कांकडे बघायला लागल्या. अक्कांचे ओठ हलत होते, बराच वेळ हलत होते. मग कुणीतरी डीजे लावायला सांगितला.

सुदामला पत्रिका गेली नव्हती. मांडवात टॉवेल-टोपीसाठी एकेकाचं नाव माइकवर पुकारत होते. नानांच्या मामाच्या घरची, म्हणजे सुदामची, पाळी आली तेव्हा नाना उठले, माइक हातात घेतला आणि माझं नाव घेतलं. म्हणाले, "सक्क्यानं फसवलं, पन ह्या मानसानं आमचे डोये उघडले. हा मान त्याचा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठलो. सुदामचा टॉवेल खांद्यावर घेतला, सुदामची टोपी डोक्यावर घातली, अक्कांच्या पाया पडलो. त्यांनी चालत्या हाताने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मग मी पंगतीला बसलो. वरण-बट्टी होती, घोटलेली वांग्याची भाजी होती. मला चांगली भूक लागली होती. मी बट्टी दोनदा मागून घेतली.