माझ्या पाठीची मोजणी

आमचे बाबा जमीन मोजणी खात्यात. सिन्नरकडे बांधावरून डोकी फोडायला निघालेले सख्खे भाऊ त्यांनी टेप दाखवून शांत केलेत. त्यामुळे जगातली कुठलीही वाकडी गोष्ट आपण मोजू शकतो, अशी त्यांची ठाम समजूत. माझी पाठ वाकडी होतेय हे आईला ड्रेस शिवताना कळलं. मी नववीत होते, ढोल पथकात नुकतीच कमरेला ढोल बांधायला लागले होते. गणपतीच्या मिरवणुकीत वाजवायला मिळणार की नाही, एवढीच मला चिंता. मणके गेले खड्ड्यात!

एक्स-रे मिळताच बाबांनी तो खिडकीच्या काचेला चिकटवला आणि माझी कंपासपेटी मागितली. मानेखालच्या मणक्यावर एक रेघ, कमरेच्या शेवटच्या मणक्यावर दुसरी. हद्दीपासून हद्दीपर्यंत. कोन आला शून्य. "पोरगी सरळ आहे!" असं जाहीर करून त्यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. फोटोत मी ढळढळीत नागमोडी दिसत होते, पण मोजणी झाली म्हणजे झाली.

डॉक्टरांना त्या रेघा पाहून हसू आवरेना. "साहेब, वरचं वळण उजवीकडे, खालचं डावीकडे. हा दुहेरी वळणाचा प्रकार, म्हणून टोकं सरळ दिसतात. मणके सर्वांत जास्त कललेत तिथून मोजायचं." त्यांचा कोन आला एकतीस. वाढीचं वय, म्हणून काखेपासून कमरेखालपर्यंत कडक प्लास्टिकचा पट्टा, दिवसरात्र. बाबा म्हणाले, "फेरमोजणी मागू." मी भोकाड पसरलं. ढोल? "वाजव की. तेवढ्यापुरता पट्टा काढायचा," डॉक्टर म्हणाले.

मिरवणुकीत मी ढोल बडवत होते आणि बाबा माझा पट्टा काखेत घेऊन शेजारून चालत होते. एका काकूंनी त्यावर गुलाल टाकून नमस्कारही केला. मग टाळ्या वाजवायला हात मोकळे हवेत म्हणून बाबांनी तो स्वतःच्याच पोटावर आवळला. माझं माप आणि बाबांचं पोट!

वाजवून झाल्यावर मी पट्टा मागितला, तेव्हा बाबा घामाघूम झाले होते. "हे घालून झोपतेस तू?"

"हो."

"एवढं काचतं, बोलली का नाहीस?"

"तुम्ही ढोल बंद केला असता."

बाबा पट्टा पुसून माझ्या अंगावर चढवायला लागले. इतक्या हलक्या हातानं आवळला की तो सैलच राहिला. घरी आईला परत घट्ट करावा लागला.