झटका मशीन चालूच होती

मंडळी, सकाळपासून अंगावर काटा हाय!

मी हौशी रेडिओवाला, घरावरच्या मोठ्या अँटेनानं दूरदूरच्या लोकायशी बोलतो. शेजारच्या सलीमचाचाच्या हरभऱ्याच्या कुंपणाले रानडुकरांसाठी तारेत विजेचे झटके सोडणारी झटका मशीन हाय. तिची टकटक माह्या रेडिओत घुसते. बंद करा म्हणून मी दोनदा भांडलो. चाचा म्हणे, "हरभरा तू राखशीन का?"

आज नॉइज कॅन्सलर लावला. त्याचा छोटा अँटेना मुद्दाम कुंपणाजवळच टांगला. तो टकटक पकडते, अन् यंत्र तेवढीच टकटक मोठ्या अँटेनाच्या आवाजातून वजा करते.

बटन हळूहळू फिरवलं. टकटक विरली. तिच्याखाली अंदमानचा माणूस बोलून राह्यला होता, "कोई सुन रहा है?"

मी हेडफोन चाचाच्या कानाले लावला. चाचानं वळून कुंपणाकडे पाह्यलं अन् म्हणे,

"मशीन तं चालूच हाय बे!"

ज्या आवाजापासून दूर पळत होतो, त्याच्याच जवळ जा लागलं. तुमी कोणाच्या कुंपणाजवळ जायचे राह्यले?